चावीशिवाय कुलूप उघडायचा छंद, आणि डिस्कवाल्या कुलपांची आडमुठी जात

लोखंडे_पुणेकर | शनिवार, रात्री १०:५०

मंडळी, चावीशिवाय कुलपं उघडायचा नाद असलेले दोन-चारजण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून हा धागा काढतोय. आधीच सांगतो, कुलूप स्वतःच्या मालकीचं हवं आणि कुठल्याही दाराला लावलेलं नको, या दोन अटी मी पाळतो. त्यामुळे "चोऱ्या कधीपासून सुरू केल्या?" हा विनोद ज्यांना करायचाय त्यांनी पहिल्याच प्रतिसादात उरकून घ्यावा.

पिनची साधी कुलपं आता हाताला बसली आहेत. लिव्हरची (आत चावीनं उचलायच्या सपाट पट्ट्या असलेली) देशी कुलपंही बरीचशी उघडतात. गाडी अडलीय ती डिस्क-डिटेनर जातीपाशी. जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे फिनलंडच्या अब्लॉय कंपनीचं एक जुनं पॅडलॉक मिळालं, तेही चावीसकट. पितळी अंग, जाड कडी, आणि चावी अशी की कापून पाहिली तर छेद अर्धगोल दिसेल. भंगारवाल्याला त्याचं काही कौतुक नव्हतं, त्यानं वजनावर दिलं.

ज्यांना आतली भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिनच्या कुलपात चावीचे दात पिना वर उचलतात आणि स्प्रिंगा त्यांना खाली दाबत असतात. डिस्कच्या कुलपात उचलाउचलीचा प्रकारच नाही. आत एकामागे एक चकत्या रचलेल्या असतात (माझ्या कुलपात सात आहेत). प्रत्येक चकतीच्या मध्यभागी चावीपुरतं भोक आणि कडेला एक खाच. चावीवरचे काप वेगवेगळ्या कोनांत घातलेले असतात, त्यामुळे चावी फिरवली की एखादी चकती लगेच सोबत फिरायला लागते, एखादी उशिरा. चावी पुरेशी फिरली की सगळ्या खाचा एका ओळीत येतात आणि त्या ओळीत एक बारीक पोलादी सळई बसते. हिला साइडबार म्हणतात. ती आत बसली की गाभा (चकत्या ज्यात बसतात तो फिरता भाग) मोकळा होतो आणि कडी सुटते. चावी उलटी फिरवली की चकत्या परत विस्कटतात. आत स्प्रिंग एकही नाही.

माझं हत्यार घरगुती आहे. बारीक पितळी नळीचं टोक कानशीनं घडवून ताण (गाभा फिरवायचा हलका जोर) द्यायला घेतलंय, आणि तिच्या आतून सायकलची स्पोक जाते, तिचं टोक वळवून चकती फिरवायची. अडचण अशी की हाताला काही कळतच नाही. पिनच्या कुलपात निदान टिक् होतं. इथे सगळं नुसतं घरंगळतं. ताण पुढच्या चकतीवर द्यायचा की मागच्या? कुणी अनुभवी आहे का?

बंड्या_बिलंदर | शनिवार, रात्री १०:५८

चोऱ्या कधीपासून सुरू केल्या?

(सांगितल्याप्रमाणे पहिल्या प्रतिसादात उरकलं आहे. आता वाचतोय.)

टूलरूमकाका | रविवार, सकाळी ७:१५

लोखंडे, हत्याराचा फोटो टाका आधी. वर्णनावरून हत्यार समजत नाही.

मी आयुष्यभर डाय-मेकिंग (कारखान्यातले साचे बनवायचं काम) केलं, कुलपांच्या कारखान्यात कधी नव्हतो. पण ही कुलपं खोलून पाहिलेली आहेत, तेव्हा लोखंडाच्या बाजूनं सांगतो.

चावीशिवाय कुलूप उघडतं त्याचं एकमेव कारण म्हणजे कुठलाच कारखाना सात चकत्या हुबेहूब सारख्या करू शकत नाही. कागदावर सगळ्या चकत्यांवर साइडबार एकाच वेळी टेकायला हवी. प्रत्यक्षात एखादी चकती दोन शतांश मिलिमीटर मोठी, एखादीचं भोक किंचित एका बाजूला. म्हणून तुम्ही गाभ्यावर हलका ताण दिला की साइडबार सगळ्यांवर सारखी दाबत नाही, एकीवरच आधी दाबते. ती एक चकती जड लागते, बाकीच्या मोकळ्या फिरतात. त्या जड चकतीला हळू फिरवत न्यायचं, खाच सापडली की ताण किंचित पुढे सरकतो, मग दुसरी कुठलीतरी जड होते. पिनच्या कुलपातही हेच तत्त्व आहे, वेगळं काही नाही.

फरक हा की पिनला स्प्रिंग असते, चुकलात तर ती पिन स्वतःहून परत येते आणि तुम्हाला कळवते. पिनचं कुलूप बोलघेवड्या माणसासारखं आहे, काहीबाही बोलत राहतं. डिस्कचं कुलूप घुम्या माणसासारखं, विचारलंत तेवढंच सांगतं. चकती जिथे सोडाल तिथे बसून राहते. बरोबर जागी सोडली की चुकीच्या, ती काही बोलत नाही. तुम्ही "घरंगळतं" म्हणताय ते ताण फार कमी किंवा नको त्या चकतीवर आहे म्हणून.

पुढे की मागे, याचं उत्तर कुलपात आहे. तुमच्याकडे चावी आहे. चावीवर काप नसलेली एक जागा असेल, तिथली चकती चावी घातल्या घातल्या फिरायला लागते. गाभा ओढणारी चकती तीच. ताण तिच्यावरच द्यायचा. ती पुढे असेल तर ताणाची नळी आखूड आणि स्पोक तिच्यातून आत, म्हणजे तुमचं आहे तसं. ती शेवटी असेल तर उलटं, ताणाची दांडी मधून शेवटपर्यंत आणि चकती फिरवायचं टोक बाहेरच्या नळीवर. एकच हत्यार दोन्हीला चालत नाही.

लोखंडे_पुणेकर | रविवार, सकाळी ९:४०

काका, दंडवत. चावी भिंगाखाली पाहिली. काप नसलेली जागा टोकाकडे आहे. म्हणजे ताण मागून. म्हणजे नळी-स्पोक सगळं उलटं करायला हवं. आज रविवार याच्यातच जाणार, बायकोला सांगून ठेवलंय.

सांगलीचा_दुकानदार | रविवार, सकाळी १०:२५

चांगला धागा. माझ्या दुकानाच्या शटरला गोल डिस्कचं कुलूप आहे, स्टीलचं, चकचकीत, कडी जवळजवळ दिसतच नाही असं. म्हणजे मी सुरक्षित ना? हार्डवेअरवाल्यानं "डिस्क लॉक आहे, तोड नाही" सांगून दिलंय.

लोखंडे_पुणेकर | रविवार, सकाळी १०:४०

नाही हो, ते वेगळं. तुमचं कुलूप बाहेरून चकतीच्या आकाराचं आहे. हा आकार जर्मनीच्या आबूस कंपनीनं १९४९ साली 'डिस्कुस' नावानं आणला, नंतर सगळ्यांनी केला. कडी अंगात लपते त्यामुळे बोल्ट कटरचा जबडा बसत नाही, हा त्याचा खरा फायदा, आणि तो चांगला फायदा आहे. पण आत बहुतेक वेळा साध्या पिनाच असतात. धाग्यातलं डिस्क-डिटेनर म्हणजे आतली यंत्रणा. बाहेरचा आकार कुठलाही असू शकतो.

शिवाय मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकला लावतात ते तिसरंच. आणि ऑफिसच्या टेबलाच्या खणाला जे किरकोळ कुलूप असतं त्यातल्या पत्र्याच्या पट्ट्यांनाही जुनी मंडळी डिस्क म्हणतात. त्यांना स्प्रिंगा असतात आणि ते उघडायला छंद लागत नाही.

मधुरा_एस्पो | रविवार, दुपारी २:०५

मी हेलसिंकीच्या शेजारी एस्पोला राहते. धाग्याचं नाव वाचून हसायला आलं, कारण तुम्ही जे भंगारात शोधून काढलंत ते आमच्या इथे दाराला, तळघराच्या खोलीला, सायकलला, सगळ्याला असतं. इथल्या लोकांना कुलूप म्हणजे अब्लॉयच. तो अर्धगोल चावीचा जुना प्रकार अजून कितीतरी इमारतींमध्ये आहे. त्याची डुप्लिकेट चावी बूट दुरुस्तीच्या दुकानात करून मिळते, टाच बसवणारा माणूसच चावी कापतो. नव्या प्रकारच्या चाव्यांना मात्र कार्ड दाखवावं लागतं, त्याशिवाय कुणी कापून देत नाही.

इथली दारं ओढली की आपोआप बंद होतात. भारतातल्यासारखं बाहेरून कडी-कुलूप घालायचा प्रकार नाही. नवीन आलेला प्रत्येक भारतीय माणूस एकदा तरी कचरा टाकायला म्हणून बाहेर पडतो आणि चप्पल-हाफपँटवर बाहेर अडकतो. मग इमारतीची देखभाल करणाऱ्या कंपनीला फोन. त्यांचा माणूस मास्टर चावी घेऊन येतो, ओळखपत्र बघतो, दार उघडतो आणि बिल लावतो. कुलूप हत्यारानं उघडून देणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

स्प्रिंग नसल्याचा एक फायदा कुणी लिहिला नाही. इथे उणे वीसमध्ये बाहेरचं कुलूप गोठत नाही असं नाही, पण गोठलं तरी चावीनं जोर लावून चकत्या फिरवता येतात, कारण चावीच प्रत्येक चकती ढकलत असते. स्प्रिंगनं पिन खाली यायची वाट बघायला लागत नाही.

टूलरूमकाका | रविवार, दुपारी २:३०

मधुराताई, बरोबर. धूळ, वाळू, खारी हवा यांतही तेच. बंदरावर आणि जहाजांवर ही कुलपं आवडतात ती म्हणूनच. आपल्या कोकणपट्टीत पिनचं कुलूप दोन पावसाळ्यांत चिकटतं. आधी स्प्रिंग गंजते, मग पिना अडकतात.

पानसुपारी | रविवार, सायंकाळी ६:१०

थोडा इतिहास. या कुलपाचा जनक एमिल हेन्रिकसन, हेलसिंकीचा मेकॅनिक. कार्यालयातली यंत्रं, कॅश रजिस्टर वगैरे दुरुस्त करायचा. कॅश रजिस्टरमधल्या फिरत्या चकत्यांवरून त्याला १९०७ साली ही कल्पना सुचली. कारखाना उभा राहिला १९१८ साली. नंतर मालक बदलत गेले. १९९४ साली स्वीडनची आसा आणि ही अब्लॉय एकत्र होऊन आजची आसा अब्लॉय झाली. अब्लॉयचा कारखाना मात्र अजून फिनलंडमध्येच, पूर्वेकडच्या योएनसू गावात आहे.

योगायोग म्हणजे जवळपास त्याच काळात आपल्या मुंबईतही स्प्रिंगच्या कटकटीवर डोकं चाललेलं होतं. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपं करायला सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्प्रिंगविरहित कुलपाचं पेटंट घेतलं. यंत्रणा अर्थात वेगळी, ते लिव्हरवाले. पण दुखणं दोघांचं एकच, स्प्रिंग मोडते आणि गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं.

सत्यवचनी | रविवार, रात्री ८:४५

सगळं ठीक आहे, पण असल्या गोष्टी उघड्यावर लिहाव्यात का? उद्या कुणी भुरटा हे वाचून प्रयोग करील. आपण जबाबदार नाही का? संपादकांनी विचार करावा.

बंड्या_बिलंदर | रविवार, रात्री ८:५२

भुरटा रविवारभर कानस घेऊन पितळी नळी घासत बसणार, मग भिंगातून चावी बघणार, जी त्याच्याकडे नाही. दगड घातला की काम होतं हे त्याला ठाऊक आहे हो.

पानसुपारी | रविवार, रात्री ९:३०

सत्यवचनी, तुमचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. तो १८५१ सालचा आहे.

त्या वर्षी लंडनला क्रिस्टल पॅलेसमधलं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला आला. इंग्लंडची दोन कुलपं तेव्हा अजिंक्य समजली जायची. एक चब यांचं डिटेक्टर कुलूप. कुणी छेडछाड केली की एक लिव्हर अडकायचा आणि मालकाला कळायचं. हॉब्जनं नेमका त्या अडकणाऱ्या लिव्हरचाच उपयोग करून ते अर्ध्या तासाच्या आत उघडलं. दुसरं ब्रामा कंपनीचं. ते पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षं टांगलेलं होतं, उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस. ते उघडायला हॉब्जला सोळा दिवसांत विभागून एकूण ५१ तास लागले. बक्षीस मिळालं, पण "त्याला इतकी मोकळीक दिलीच कशी" यावरून वर्तमानपत्रांत महिनोन्महिने भांडणं झाली. ही माहिती लोकांसमोर आणावी का, हाही त्यातलाच एक मुद्दा होता.

लोखंडे यांच्या कामाची गोष्ट अशी की ब्रामाच्या कारखान्यात १८१७ सालीच कुलपात खोट्या (उथळ, फसवणाऱ्या) खाचा घालायला सुरुवात झाली होती. आज डिस्कच्या कुलपात ज्या असतात त्याच.

सत्यवचनी | रविवार, रात्री १०:०२

माहितीबद्दल आभार. मत कायम आहे. ५१ तास लागले तेव्हा, आज व्हिडिओ बघून किती लागतात?

मधुरा_एस्पो | रविवार, रात्री १०:२०

या बाबतीत सायकलवाल्यांचं उदाहरण बघा. २००४ साली अमेरिकेत उघडकीला आलं की क्रिप्टोनाइट कंपनीची गोल चावीची सायकल कुलपं बॉलपेनच्या नळकांड्यानं उघडतात. व्हिडिओ पसरले, कंपनीला लाखांच्या घरात कुलपं बदलून द्यावी लागली आणि पुढे तिनं चपट्या चावीच्या, डिस्कच्या यंत्रणेकडे मोर्चा वळवला. ते कुणी बोललंच नसतं तर पेन चालवणारे चालवत राहिले असते आणि सायकलवाले भाबडेपणानं तेच कुलूप विकत घेत राहिले असते.

ॲड_सातारकर | सोमवार, सकाळी ८:३०

नैतिकतेचं तुम्ही बघा, कायद्याचं मी सांगतो, कारण इथे तरुण मुलंही वाचतात.

कुलूप उघडायची हत्यारं घरात ठेवणं आणि स्वतःचं कुलूप उघडणं हा गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) याचं कलम १२२ वाचून ठेवा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण कायदेशीर होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. म्हणजे रात्री अकराला मित्राकडे "बघ मी काय बनवलंय" म्हणून पिशवी घेऊन निघालात आणि नाकाबंदीत पिशवी उघडली, तर छंदाचं व्याख्यान चौकीत द्यावं लागेल. दिवसा न्या. कुलूप आणि चावी दोन्ही सोबत ठेवा.

बंड्या_बिलंदर | सोमवार, सकाळी ८:४१

वकीलसाहेब, वाचनखूण साठवली. फी सांगू नका.

लोखंडे_पुणेकर | मंगळवार, रात्री ११:३०

अपडेट. हत्यार नव्यानं केलं. मधली दांडी आता शेवटच्या चकतीपर्यंत जाते, बाहेरच्या नळीला पुढे एक छोटा दात ठेवलाय. नळीवर मार्करनं रेघा मारल्यात, म्हणजे आत कितव्या चकतीपाशी आहे ते बाहेरून कळतं. यानं फार फरक पडला. आधी दुसरी समजून तिसरी फिरवली जायची.

कुलूप व्हाइसमध्ये उभं धरलं, कडीला चिंध्या गुंडाळून. दांडीला ताण म्हणून लांब हात न लावता नुसतं एक नट लटकवलं, म्हणजे ताण एकसारखा राहतो आणि बोटं मोकळी. काका म्हणाले तसंच झालं. पाचवी जड लागली. नळीचा दात तिच्यात बसवून अगदी हळू फिरवली, एका जागी ती किंचित दबल्यासारखी झाली आणि नट केसभर खाली आलं. आवाज नाही, नुसतं नट हललं. मग दुसरी जड झाली. मग चौथी. एकेक करून सगळ्या लागल्या असं वाटलं, आणि कुलूप जसंच्या तसं. गाभा थोडा फिरतो आणि थांबतो.

टूलरूमकाका | बुधवार, सकाळी ६:५०

नट टांगायची युक्ती झकास. टूलरूममध्ये असता तर ठेवून घेतलं असतं.

"थोडा फिरतो आणि थांबतो" म्हणजे तुम्ही खोट्या खाचेत बसला आहात. चकतीच्या कडेला एक खरी खाच असते, पूर्ण खोल. तिच्या आजूबाजूला मुद्दाम दोन-तीन उथळ खाचा पाडलेल्या असतात. साइडबार त्यांत अर्धवट उतरते, तुम्हाला वाटतं जमलं.

आता कुठली खोटी हे कसं ओळखायचं? डोकं लावा, हाताला नंतर कळेल. साइडबार एकच अखंड सळई आहे. ती कुणाच्या तरी तळावर टेकून थांबली आहे. जिच्या उथळ खाचेच्या तळावर टेकली आहे त्या चकतीवर सगळा भार. खऱ्या खाचेत असलेल्या चकतीला खाली अजून जागा आहे, तिच्यावर भार नाही. म्हणून ताण तसाच ठेवून प्रत्येक चकतीला अगदी किंचित डावी-उजवी हलवून बघा. जी दोन्ही बाजूंना थोडीशी सैल हलते आणि मग खाचेच्या भिंतीला लागते, ती बरोबर असण्याची शक्यता जास्त. जी दगडासारखी बसली आहे तिच्यावर संशय घ्या. ती सोडवायची तर ताण थोडा कमी करावा लागतो, आणि ताण कमी केला की बाकीच्या निसटायची भीती. कसब म्हणतात ते इथेच. नटाच्या जागी दोन लहान वॉशर टांगा, एक काढता येईल असं.

लोखंडे_पुणेकर | बुधवार, सकाळी ७:१०

_"दगडासारखी बसली आहे तिच्यावर संशय घ्या"_

काका, हे कुणीच असं सांगितलं नव्हतं. व्हिडिओंमध्ये सगळे "फील" म्हणतात आणि पुढे जातात.

मधुरा_एस्पो | बुधवार, दुपारी १२:१५

आमच्या इमारतीत मागच्या वर्षी सगळी कुलपं बदलून प्रोटेक नावाची बसवली. चावी दोन्ही बाजूंनी जाते. तीही अशीच उघडतात का? म्हणजे मला उघडायचं नाही, पण कुतूहल आहे.

लोखंडे_पुणेकर | बुधवार, दुपारी १:००

मधुरा, छंदवाल्यांमध्ये ते सगळ्यात वरच्या पायरीवरचं कुलूप आहे. जगात फार थोड्या लोकांनी उघडलंय, तेही स्वतः बनवलेल्या हत्यारांनी आणि बराच काळ घालवून.

काकांनी सांगितलेली सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. ताण देता देताच चकती हलवून बघता आली पाहिजे. प्रोटेकमध्ये तेवढंच काढून घेतलंय. चकत्या फिरून झाल्या की साइडबारवर भार यायच्या आधी त्या जागच्या जागी अडकवल्या जातात. म्हणजे चकती हलते तेव्हा ताण नसतो, आणि ताण असतो तेव्हा चकती हलत नाही. विचारायलाच जागा ठेवलेली नाही. माझ्या भंगारातल्या जुन्या मॉडेलमध्ये असलं काही नाही, म्हणून मी निदान प्रयत्न तरी करतोय.

उलट्या टोकाला डिस्क म्हणून मिळणारी स्वस्त चिनी कुलपं आहेत. खोट्या खाचा नाहीत, चकत्या खुळखुळतात. तत्त्व तेच, पण ती शिकाऊ हातानंही उघडतात. त्यामुळे "डिस्क आहे म्हणजे भारी" असं काही नसतं. शिकायला मात्र तीच घ्यावीत.

सत्यवचनी | बुधवार, दुपारी १:२०

हे चांगलं लिहिलंत. विकत घेणाऱ्याला कळायला हवं. बाकी हत्याराच्या रेघा वगैरे तपशिलाबद्दल माझं मत कायम.

सांगलीचा_दुकानदार | बुधवार, रात्री ९:०५

मग मी काय घेऊ ते सांगा ना राव. दुकान कापडाचं आहे, दिवाळीचा माल भरलाय. अब्लॉय मागवू का बाहेरून? दोन शटर, दोन्हीला दोन्ही बाजूंना कुलूप, म्हणजे चार.

टूलरूमकाका | गुरुवार, सकाळी ७:००

दुकानदारसाहेब, खर्च करू नका. पहिल्यांदा शटरचा कोयंडा बघा. कुलूप ज्यात अडकतं ती पट्टी किती जाडीची आहे? जमिनीतला हूक फरशीत नुसता सिमेंट थापून बसवलाय का? चार मिलिमीटरच्या पट्टीला कुलूप कितीही भारी लावलं तरी पहारीच्या एका झटक्यात पट्टी उघडते आणि कुलूप बंदच्या बंद राहतं.

तेव्हा आधी वेल्डरला बोलवा. पट्टी दहा मिलिमीटरची करा. हूक काँक्रीटमध्ये खोल बसवून, खाली आडवा गज वेल्ड करून पुरा. बोल्ट असतील तर गोल डोक्याचे, नट आतल्या बाजूला आणि वेल्ड केलेले. शटरच्या मध्ये आतून लागणारं सेंटर लॉक असेल तर ते चालू स्थितीत आहे का बघा, बहुतेकांचं बिघडलेलं असतं. हे सगळं झाल्यावर तुमचं गोल डिस्कुस छाप कुलूपच पुरे. कडी झाकलेली आहे, कटर लागत नाही, हेच तुम्हाला हवंय. चावीशिवाय नाजूक हातानं उघडणारा माणूस तुमच्या शटरपाशी रात्री येऊन बसणार नाही.

आणि कोयंड्यापेक्षा कुलपाची कडी फार बारीक असेल तर मधे खेळ राहतो, त्या फटीत पहार बसते. भोक कडीच्या मापाचं पाडा.

सांगलीचा_दुकानदार | गुरुवार, सकाळी १०:१५

काका, आत्ताच मोजलं. पट्टी तीनची आहे. हूक हातानं हलतोय. वेल्डर दुपारी येतोय.

ॲड_सातारकर | गुरुवार, सकाळी १०:३०

विमा उतरवलाय का? पॉलिसीत शटरबद्दल काय लिहिलंय तेही बघा.

लोखंडे_पुणेकर | शुक्रवार, रात्री १२:२०

उघडलं!

चौथी दगडासारखी होती. वॉशर एक काढला, चौथी मागे घेतली, जाता जाता दुसरी निसटली, ती परत लावली. मग चौथी पुढच्या खाचेत नेली आणि वॉशर सरळ खाली गेला, कडी सुटली. व्हिडिओ काढला नाही कारण दोन्ही हात अडकले होते, तेव्हा बंड्यानं पुरावा मागू नये.

आता चकत्या विस्कटून परत करतोय तर चौथी पुन्हा त्याच उथळ खाचेत जाते आणि या वेळी सैलही हलते. काका, खोट्या खाचेत चकती सैल कशी हलेल?

टूलरूमकाका | शुक्रवार, सकाळी ६:४५

अभिनंदन.

सैल हलते कारण भार दुसऱ्याच कुणावर तरी आहे. या वेळी चौथीच्या जोडीला आणखी एक खोटीत असेल, तिची खाच चौथीपेक्षा उथळ. साइडबार तिच्या तळावर थांबली, म्हणून चौथीवर दाब आलाच नाही. आधी ती दुसरी शोधा, ती सोडवली की चौथी आपोआप जड होईल. शोधायला पहिल्या चकतीपासून सुरुवात करा, तिच्याकडे तुम्ही अजून एकदाही बघितलेलं नाही असं तुमच्या लिखाणावरून दिसतंय. आणि नळीचा दात झिजलाय का ते भिंगाखाली बघा. पितळ आहे, इतक्या घासाघाशीत गोल झाला असेल. माझ्याकडे जुन्या हॅक्सॉच्या पात्याचे तुकडे आहेत, त्याचा दात करून ब्रेझ करू (पितळेनं झाळू). रविवारी सकाळी जुन्या बाजारात येतोय, कुलूप घेऊन या. दिवसा.